पहिल्या वेलांटीची उडी

कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द सिलेक्ट करा आणि त्याला एखादा इंग्रजी फॉन्ट लावा. पडद्यावर पाच रोमन अक्षरं उमटतात: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. काहीही बिघडलेलं नाही. फाइलमध्ये पहिल्यापासून हीच अक्षरं होती! संगणकाच्या लेखी तिथे १०१, १०६, १०७, ६६, १०४ एवढेच आकडे आहेत. 'म' कुठेच नाही. फॉन्टने १०१ला 'म'चा आकार चढवला होता, इतकंच.

युनिकोडमध्ये मात्र 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. फॉन्ट कुठलाही लावा, तो 'म'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकावर बेतलेली होती.

मग जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना १०१च्या जागी २३५० घालत गेलं की झालं? 'मराठी'पुरतं ते जमतं. पण 'स्थिती' घ्या. जुन्या फॉन्टमध्ये जे आधी दिसतं ते आधी टाइप होतं: पहिली वेलांटी, अर्धा स, मग थ. युनिकोड उच्चाराचा क्रम धरतो: स, हलन्त, थ आणि मग वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरने ती वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षरावरून पलीकडे न्यायची. त्यासाठी जोडाक्षर कुठे संपतं, हे त्याला कळायला हवं!

रफाराची उडी उलट्या दिशेची. 'कार्यालय' लिहिताना कृतिदेवमध्ये य, त्याचा काना आणि मग रफार येतो. उच्चारात तर र आधी. म्हणून रफाराला काना आणि य, दोन्ही ओलांडून मागे यावं लागतं. पहिलीतलं मूल बाराखडी गिरवताना जे शिकतं, ते इथे नियमांच्या चार ओळींत उतरलेलं असतं. आकड्यांची अदलाबदल वाटणारं हे काम लिपीचं व्याकरण जाणल्याशिवाय होतच नाही.

तरी एक पेच उरतो. मजकुरात मधेच खरा इंग्रजी शब्द आला, तर त्यातल्या ई अक्षराचाही आकडा १०१च. त्याचाही 'म' होऊन बसेल. म्हणून चांगला कन्व्हर्टर प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट आधी तपासतो. फॉन्टची नोंदच पुसली गेली असेल, तर नुसत्या आकड्यांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

रूपांतर नीट झालं, तर कागदावर काडीचाही फरक दिसत नाही. पण आता 'कार्यालय' शोधलं की सापडतं, शब्द अकारविल्हे लावता येतात आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तोच मजकूर मराठीत वाचून दाखवतो. जुन्या फॉन्टमधल्या आपल्या लेखनाचं हे रूपांतर त्या फॉन्टचा तक्ता हाताशी आहे तोवरच करून घ्यायला हवं.