भूदलाचे स्वतःचे पंख 🚁

हेलिकॉप्टर म्हटलं की हवाई दल आठवतं. पण भारतीय भूदलाचंही स्वतःचं उड्डाण दल आहे!

त्याची मुळं तोफखान्यात आहेत. तोफखान्याचे अधिकारी छोट्या विमानांतून गोळे कुठे पडतात ते पाहून नेम सुधारायला सांगत. त्याच परंपरेतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर उभी राहिली. पुढच्याच वर्षी श्रीलंकेत, भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेत तिची कसोटी लागली.

सियाचीनच्या विरळ हवेत ‘चीता’ हेलिकॉप्टरं मोजकंच वजन घेऊन चौक्यांना रसद पोचवतात आणि जखमी जवानांना खाली आणतात. हल्ल्यासाठी ‘रुद्र’ आणि ‘प्रचंड’ आहेत.

या वैमानिकांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकमध्ये होतं. २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

विद्यार्थ्यांनो, ही वाट तुमच्यासाठीही खुली आहे!