चकाकी नंतर, आधी प्लायवूड!

हे रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलेलं असणार. पहिल्या सेकंदाला झाडीत पडलेला मळकट, पोचे आलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा. तिसऱ्या सेकंदाला हातात पाना घेतलेली मुलगी. पंधराव्या सेकंदाला आत पांढऱ्या भिंती, लाकडी ओटा, खिडकीत कुंडी आणि बाहेर वाळवंटातला सूर्यास्त. आपण हार्ट टाकतो, 'कधीतरी' म्हणून सेव्ह करतो आणि पुढे सरकतो. पण त्या तिसऱ्या आणि पंधराव्या सेकंदाच्या मध्ये कित्येक महिने गेलेले असतात, कधीकधी वर्षं. खरी गंमत आणि खरा घाम तिथेच आहे.

तो डबा म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की सिनेमाचा आठवतो, नाहीतर हायवेवरचा अठरा चाकी. अमेरिकेत मात्र स्वतःचं इंजिन नसलेलं, गाडीमागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. त्यातला चंदेरी, गोलसर आणि जगभर गाजलेला म्हणजे एअरस्ट्रीम. तो बिनपंखांच्या विमानासारखा दिसतो, आणि त्याला कारणही तसंच आहे. लिंडबर्गने अटलांटिक ओलांडलेलं विमान ज्याच्या देखरेखीखाली बांधलं गेलं, त्या हॉली बोलसने १९३४ मध्ये 'रोड चीफ' नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याच घाटावर वॉली बायम याने १९३६ मध्ये एअरस्ट्रीम 'क्लिपर' आणला. पुढे १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना क्वारंटाइनमध्ये ठेवलं, तेही बदल केलेल्या एअरस्ट्रीममध्येच. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी गप्पा मारतायत, तो फोटो बघितला असेल.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ट्रेलर आजही कुणाच्या शेतात, घरामागे उभे सापडतात. बाहेरून ठणठणीत! आणि घेणारा फसतो तो इथेच. पत्र्याखालचा सांगाडा म्हणजे चॅसिस लोखंडाची आहे आणि तिच्यावरची जमीन प्लायवूडची. रिव्हेटच्या भोकातून, खिडकीच्या जुन्या रबरातून, छतावरच्या झरोक्यातून थेंब थेंब पाणी आत येतं. ते पत्र्याच्या दोन थरांमधून दिसेनासं खाली उतरतं आणि जमिनीच्या कडेला मुरतं. वर गालिचा, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ताच नाही. खाली प्लायवूड पावात बुडवलेल्या चहासारखं, छे, चहात बुडवलेल्या पावासारखं झालेलं असतं.

म्हणून जाणकार बघायला जाताना खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवतात. कोपऱ्यात, दाराशी, मागच्या भिंतीलगत जमिनीला टोचायचं. टोक आत गेलं की समजायचं, जमीन गेली. आणि ही नुसती फरशी बदलण्याची गोष्ट नाही. वरचं कवच आणि खालची चॅसिस यांच्यामध्ये ते प्लायवूडच दाबलेलं असतं. ते कुजलं की मागच्या बाजूने कवच चॅसिसपासून सुटायला लागतं. म्हणजे अख्खं कवच उचलून बाजूला ठेवा, चॅसिसचा गंज खरवडा, वेल्डिंग करा, नवी जमीन टाका, कवच परत बसवा. मध्ये ग्लासवूलमधली उंदरांची घरटी हटवायची, हा बोनस! तो वास कुठल्याही रीलमध्ये येत नाही.

कवच परत बसवताना रिव्हेट मारतात, ते काम मला फार आवडतं. बाहेरून एकजण हवेच्या गनने रिव्हेट ठोकतो आणि आतून दुसरा त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून इशारे. ठोकळा जरा सरकला की पत्र्याला पोचा. असे शेकडो रिव्हेट. मैत्रीची परीक्षा घ्यायची असेल तर गोवा ट्रिपपेक्षा हे बरं.

मग पाइपने छतावर पाणी सोडायचं आणि आत टॉर्च घेऊन बसायचं. गळती दिसली की सीलंट भरायचं आणि पुन्हा पाणी. आतल्या भिंती हे झाल्यावरच लावायच्या. कंटाळा येतो, पैसे संपत येतात, आणि नेमकं हेच काम उरकून लोक रंगाकडे पळतात. मग दोन पावसाळ्यांत नवी जमीन पुन्हा मऊ.

वजनाचंही तसंच. घर म्हटलं की ओटा ग्रॅनाइटचा हवासा वाटतो, पण हे घर महामार्गावर धावणार आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो. एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. मागे जास्त सामान भरलं की वेगात ट्रेलर शेपटासारखा हेलकावे खायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. १९५४ चा 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा विनोदी सिनेमा याच्यावरच बेतलाय. नवी नवरी लुसिल बॉल प्रत्येक मुक्कामी आठवण म्हणून दगड उचलून ट्रेलरमध्ये लपवते आणि पुढे घाट लागतो!

एवढं सगळं करून रस्त्यावर राहायचं कशाला? काहींना हौस असते. काहींना मात्र घरभाडं परवडत नाही. २०२१ मध्ये ऑस्कर जिंकलेला 'नोमॅडलँड' याच दुसऱ्या लोकांचा आहे. सूर्यास्त तोच असतो, पण सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची आणि रात्री कुठे थांबलं तर पोलीस उठवणार नाहीत, हे प्रश्नही रोजचेच.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण जुना टेम्पो घेऊन घर बनवायचं डोक्यात असेल, तर करवत हातात घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

आणि तुमच्यापैकी कुणी एमएसला अमेरिकेत जाईल, रूममेटांसोबत वर्गणी काढून असा डबा बघायलाही जाईल. विकणारा आतलं कपाट दाखवत असेल, तेव्हा तुम्ही मागच्या बाजूला जा. बंपरवर उभे राहा आणि दोन उड्या मारा. बंपर खाली गेला आणि कवच जागेवरच राहिलं, मधली फट उघडझाप करायला लागली, तर कागदावरचा आकडा विसरा. भाव पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर 'थँक यू' म्हणून बस पकडा.