मुलाला प्रथमच दातांच्या डॉक्टरांकडे नेताना

काही महिन्यांपूर्वी रेवदंड्याजवळच्या एका गावातून एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. गाल सुजलेला, रात्रभर रडून पोर थकलेले. दाढेत लवंग धरून झाली होती. "अलिबागला दातांच्या डॉक्टरांना दाखवा," असे मी म्हणताच मुलाने आईचा पदर घट्ट धरून टाहो फोडला. आई ओशाळून म्हणाली, "डॉक्टर, जेवला नाही की मीच म्हणते, दातवाल्याकडे नेऊन सगळे दात उपटून घेईन."

ही धमकी आपल्याकडे घरोघरी दिली जाते. सुईची धमकी तर माझ्याच नावाने! तिचे फळ मी पंचवीस वर्षे भोगतो आहे.

त्यात भर म्हणून, 'दुधाचे दात, पडायचेच आहेत' हा समज. दुधाचे दात वीस. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. शिवाय सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ कोणताही दात न पडता मागे उगवते. आईबाप तिलाही दुधाचीच समजतात.

म्हणून पहिली भेट दुखण्याआधी व्हावी. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत दाखवावे, असे बालदंततज्ज्ञ सांगतात. वाचकांना हसू येईल, पण त्या वयात करायचे असते ते एवढेच : आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळ दोघांच्या मांडीवर आडवे होते आणि मिनिटभरात तोंड पाहून होते. ते वय निघून गेले असेल तर आता न्यावे.

मोठ्या मुलाला दोन दिवस आधी सांगावे, फार आधी नको. घरी आरसा आणि बॅटरी घेऊन दात मोजण्याचा खेळ खेळावा. खुर्ची वरखाली होते, एक नळी सुर्रकन पाणी ओढते, एवढे सांगितले तरी पुरे. सुई, उपटणे, रक्त हे शब्द काढू नयेत. मात्र 'अजिबात दुखणार नाही' असेही म्हणू नये. पूर्वी मीही इंजेक्शन देताना तसे म्हणत असे. पुढच्या वेळी ते मूल दारातूनच मागे फिरे. आता 'मुंगी चावल्यासारखे वाटेल' असे सांगतो. मूल रडते, पण पुन्हा आत येते. हात वर केला की थांबायचे, असे डॉक्टरांशी आधी ठरवून घेता येते.

शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. दोन एस.ट्या बदलून, भुकेले, झोप मोडलेले मूल कुणाचेच ऐकत नाही. बरोबर आई किंवा वडील, एकानेच आत जावे. आजी, आत्या, मामा सगळेच 'घाबरू नको' म्हणू लागले की घाबरण्यासारखे काही आहे हे मुलाला कळतेच. हृदयाला छिद्र, रक्त लवकर न थांबणे, फिट येणे, एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर तपासणीआधीच सांगावे.

गालाची सूज डोळ्याकडे चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र तयारीत वेळ न घालवता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. गरम शेक देऊ नये, अॅस्पिरिनची गोळी देऊ नये.

त्या मुलाची दाढ वाचली नाही. परवा त्याची आई धाकट्या दीड वर्षाच्या मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे दाखवून आली. मुलगी खुर्चीवरून उतरायला तयार नव्हती म्हणे. भाऊ मात्र शेवटपर्यंत बाहेर पायरीवरच बसून राहिला.