घरची बाब

‘ही आमची घरची बाब आहे, परक्याने यात तोंड घालू नये,’ हे वाक्य एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस नवे नाही. १९४६ साली तेच वाक्य एका राज्याने साऱ्या जगापुढे उच्चारले, त्याची ही हकीकत होय.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा करून तेथील हिंदुस्थानी लोकांनी जमीन कोठे घ्यावी व कोठे राहावे, यांवर बंधने घातली. आपल्याकडे राज्य अद्याप इंग्रजांचे. तरीही हिंदुस्थान सरकारने आपले हायकमिशनर, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांस परत बोलाविले, २२ जून रोजी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली आणि जुलैत व्यापार बंद केला. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांजकडे होते; मुंबईचे न्यायमूर्ती छगला त्यांच्या साहाय्यास होते.

प्रतिपक्षी होते जनरल स्मट्स. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांचा उच्चार यावा, यात ज्यांचा मोठा वाटा, तेच आता त्या सनदेतील अंतर्गत कारभाराचे कलम ढालीसारखे पुढे करू लागले. ८ डिसेंबर रोजी मते पडली: हिंदुस्थानच्या बाजूस ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. दोनतृतीयांश मते आवश्यक होती. एक मत इकडचे तिकडे जाते, तर ठराव पडता. ब्रिटन व अमेरिका विरुद्ध होती. पुढे १९४८ नंतर तेथील वर्णभेद अधिकच कडक झाला व १९९४ पर्यंत टिकला. परंतु घराच्या नावाखाली अन्याय झाकता येत नाही, हा निवाडा त्या दिवशी नोंदला गेला.

त्या वादात आफ्रिकेच्या पक्षाने आपल्या जातिभेदाकडेही बोट दाखविले. ‘मुद्दा अप्रस्तुत’ हे तर्कशास्त्राचे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. निराळा पाणवठा व वेशीबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे जाणण्यास आम्हां वसईकरांना आफ्रिकेचा नकाशा उघडावा लागत नाही. खरे उत्तर १९५० साली राज्यघटनेच्या १७व्या कलमाने दिले. ते उंबरठ्याच्या आत उतरविण्याचे काम मात्र ज्याचे त्याने करावयाचे. ज्या घरात कामास येणाऱ्या बाईचा पेला आजही वेगळ्या फळीवर ठेवला जातो, त्या घराने स्मट्ससाहेबांस हसू नये.