रायगडाच्या वाटेवर विजेच्या गाडीचा मुक्काम

मुंबई-गोवा महामार्ग सोडून नाते खिंडीतून रायगडाकडे वळणारी विजेची गाडी मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास चाललेली असते. नाते, कोंझर, पाचाड या पट्ट्यात पर्यटक घरगुती निवासात किंवा तंबूत रात्र काढतात आणि उजाडताच गडाची वाट धरतात. गाडी चार्ज करायला ही रात्रच सगळ्यांत सोयीची, कारण आठ-नऊ तास ती तशीही अंगणात उभी असते. मुक्कामावर जलद चार्जर नसला तरी काही अडत नाही. रात्रभर भार घेऊनही न तापणारा सॉकेट मात्र हवा.

एसी किंवा गिझरसाठी बसवतात तो १६ अँपिअरचा मोठा थ्री-पिन सॉकेट या कामाला पुरतो. २३० व्होल्टवर गाडीसोबतचा चार्जर त्यातून सुमारे ३.३ किलोवॅट वीज ओढतो. थोडी वीज उष्णतेत जाते आणि बॅटरीत तासाला तीन युनिट पडतात. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. ती एक पंचमांश उरली असताना रात्री नऊला वायर लावली, तर पहाटे पाचला भरते. तंबू-सामान वाहायला टाटा एस ईव्हीसारखा छोटा ट्रक असेल, तर त्याची २१.३ युनिटांची बॅटरी याच गतीने साताठ तासांत रिकामीची पूर्ण होते.

गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र आठ तास सलग १४ अँपिअर घेत राहते. खरा धोका इथे आहे. अंगणात गाडी लांब उभी राहिली की घरातला एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर येतो. त्याची तार १ चौरस मिलीमीटरची आणि ३० मीटर लांब असेल, तर तिच्यात जवळजवळ २०० वॅट उष्णता निर्माण होते. उरलेली तार गुंडाळून ठेवली तर ही उष्णता बाहेर पडत नाही आणि वेष्टण वितळू लागते. म्हणून यजमानाने मीटरपासून थेट गाडीच्या जागेपर्यंत ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वेगळी लाइन ओढून घ्यावी. तिला जादा भार येताच वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा. पाहुण्यानेही चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर चार्जिंग बंद करावे, किंवा गाडीत सोय असल्यास अँपिअर कमी करावेत.

अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून थांबतात. महाड-पोलादपूरकडची जमीन कातळाची. पावसाळ्यात ती ओलीचिंब असते, पण मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीचा विद्युत रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. अर्थिंगची पिन तोडून किंवा चुकवून गाडी ‘चालू’ करून देणारा वायरमन भेटला, तर त्याला ठामपणे नाही म्हणावे.

पैशांचा प्रश्नही सुटलेला आहे. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्ये स्पष्ट केले. तरी यजमानाने सबमीटर बसवावा. महिन्यात दहा गाड्या भरल्या की दोनअडीचशे युनिट वाढतात आणि घरगुती बिल वरच्या टप्प्यात जाते.

मोटारघर (कॅरॅव्हॅन) घेऊन फिरण्याची चाल अमेरिकेत जुनी. तिथल्या मुक्कामाच्या तळांवर प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या ट्रकची मोठी बॅटरी १३१ युनिटांची. ५० अँपिअर, २४० व्होल्टच्या खांबावर ती भरायला चौदा तासांच्या वर लागतात, आणि मागे मोटारघर ओढले की ट्रकचा पल्ला जवळपास निम्मा होतो. ३० अँपिअर, १२० व्होल्टच्या खांबावर सलग वापरायची मर्यादा पाळली तर ३ किलोवॅटही मिळत नाहीत. म्हणजे आपला १६ अँपिअरचा सॉकेट त्याहून थोडा सरसच ठरतो. महाराष्ट्रानेही २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आहे. अशा तळांवर गाडीची लाइन आणि मोटारघराची लाइन सुरुवातीपासूनच वेगळी ठेवणे शहाणपणाचे.

पुढचा बेत महाबळेश्वरचा असेल, तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे १,३०० मीटर चढावे लागते. माणसांसह १,७०० किलोची गाडी नुसती तेवढ्या उंचीवर न्यायलाच सहा युनिट खर्च होतात. रस्त्याचा आणि हवेचा विरोध वेगळा. म्हणून वर जाणाऱ्याने रात्री बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. महाबळेश्वरला मुक्काम करून खाली येणाऱ्याने मात्र ती नव्वद टक्क्यांवर थांबवावी. उतारावर मोटर उलट वीज तयार करून गाडीचा वेग रोखते, पण काठोकाठ भरलेल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.