जुन्या स्कूटरचा क्रँक : कापण्यापूर्वी मोजा

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्या बांधवांना क्रँक म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मोटरच्या गोल फिरण्यातून फणी पुढे-मागे होते, ती क्रँकमुळेच. स्कूटरच्या इंजिनात काम हेच, फक्त उलटे. पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचे गोल फिरणे करतो.

बजाजने १९६० पासून इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनविली आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आले, पण विजेच्या गाडीवर. त्यामुळे जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या हौसेची चीज झाल्या आहेत. "गाडी जरा पळती करून द्या" म्हणणारे गिऱ्हाईक आता गॅरेजवर येते. त्यावर पुष्कळदा क्रँक कापण्याचा उपाय सुचविला जातो. या कामात नेमके काय मिळते व काय जाते, हे कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

क्रँकच दरवाजा आहे

जुन्या चेतकच्या क्रँकला दोन जाड चकत्या असतात, त्यांना वेब म्हणतात. दोन्ही वेब क्रँक पिनने जोडलेले असतात आणि पिनवर कनेक्टिंग रॉड फिरतो. कार्बोरेटर थेट क्रँककेसवर बसतो. त्याच्याखाली इनलेटचे भोक आहे आणि एका वेबची कड त्या भोकावरून घासल्यासारखी फिरते. दोघांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असते. वेबचा कापलेला भाग समोर आला की दरवाजा उघडतो व पेट्रोलमिश्रित हवा आत येते. भरीव भाग आला की दरवाजा बंद होतो.

वेबची बंद करणारी कड थोडी कापली तर दरवाजा उशिरा बंद होतो. इंजिन जोरात फिरत असताना आत येणाऱ्या हवेला वेग असतो, म्हणून उशिरापर्यंत उघड्या दरवाजातून जास्त माल आत भरतो आणि वरच्या वेगात ताकद वाढते. परंतु इंजिन हळू फिरत असताना हाच दरवाजा नुकसान करतो. पिस्टन खाली येऊ लागतो आणि आत आलेला माल कार्बोरेटरमधून परत बाहेर ढकलतो. एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो, गाडी एका जागी नीट उभी राहत नाही, ॲव्हरेज घटते आणि चढावावर दम कमी पडतो.

मागे कापडाचा गठ्ठा बांधून बाजारात रांगणाऱ्या दुकानदाराला ही कापणी नुकसानीची आहे. मोकळ्या रस्त्यावर एकट्याने पळविणाऱ्या हौशी माणसाला ती फायद्याची ठरू शकते. म्हणून कारागिराने पहिला सवाल गाडीचा नाही, गाडी कुठे चालते याचा विचारावा.

लॅम्ब्रेटा आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांत इनलेटचा दरवाजा पिस्टन स्वतः उघडतो-मिटतो. तिथे या कारणासाठी वेब कापणे म्हणजे चांगला क्रँक वाया घालविणे होय.

लांब स्ट्रोकचा हिशेब

दुसरा मार्ग जास्त स्ट्रोकचा क्रँक बसविण्याचा. चेतकचा बोअर ५७ मिमी व स्ट्रोकही ५७ मिमी, म्हणून इंजिन १४५.४५ सीसीचे. स्ट्रोक ६० मिमी केला की ते सुमारे १५३ सीसी होते. वाढ पाच टक्क्यांच्या आसपास. रॉडची लांबी तीच असेल तर पिस्टन वर दीड आणि खाली दीड मिलिमीटर जास्त जातो. त्या मापाचे पॅकिंग दिले नाही तर पिस्टन हेडवर आदळण्याचा धोका आहे. पॅकिंग सिलिंडरखाली दिले तर एक्झॉस्ट व ट्रान्सफर पोर्टचे टायमिंगही बदलते. हे सर्व डिग्रीच्या चकतीने मोजावे, अंदाजाने नव्हे.

कामाचा कायदा

पहिले, कापण्यापूर्वी इंजिन चालते त्याच दिशेने क्रँक फिरवून उघडणाऱ्या व बंद करणाऱ्या कडेची खूण करा. दुसरे, कड इतकी कापू नका की बंद अवस्थेत भोकाच्या बाजूला झाकण्यापुरता धातू उरणार नाही. तिसरे, लोखंडाचा कीस बिअरिंगमध्ये गेला तर रॉड लवकरच खडखडू लागतो. क्रँक खोलून कापणे उत्तम, नाहीतर बिअरिंग घट्ट झाकून कापा आणि मग धुवा. चौथे, धातू काढला की तोल बदलतो आणि हादरा वाढू शकतो. पाचवे, रॉड किट घालून क्रँक परत दाबल्यावर व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून सरळपणा तपासा. ०.०३ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. शेवटी मेन जेट व इग्निशन टायमिंग पुन्हा जमवा. मिश्रण पातळ राहिले तर पिस्टन जाम होतो, आणि धावत्या गाडीचे चाक अडकले तर स्वाराच्या जिवावर बेतते.

सरकारी बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी मेळ राहणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सीसी हा त्याच तपशिलाचा भाग आहे, म्हणजे लांब स्ट्रोकचे काम येथे अडते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. ज्याला ती नोंद हवी, त्याच्या मूळ इंजिनाला हात लावणे म्हणजे त्याचा हक्क घालविणे.

अमानतीची बाब

कापलेला धातू परत येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचा जुना असली क्रँक कापू नये. बाजारातून दुसरा आणून त्यावर काम करावे आणि मूळ क्रँक तेल लावून, कागदात गुंडाळून मालकाच्या हाती द्यावा. ती त्याची अमानत आहे. मालातील ऐब सांगून विकणे हे आपल्या दीनने व्यापाऱ्यावर टाकलेले बंधन आहे, आणि हुन्नर विकणाऱ्यावरही तेच लागू आहे. वेग किती वाढेल हे सांगताना चढावावर दम किती जाईल, पेट्रोल किती जास्त लागेल, हेही त्याच दमात सांगावे. बिलावर कापलेल्या कडेचे माप लिहावे, म्हणजे उद्या दुसऱ्या मिस्त्रीलाही कळेल.

एखादे गिऱ्हाईक खरे ऐकून काम न करताच परत जाईल. जाऊ द्यावे. गाडी बिघडली की तेच गिऱ्हाईक खरे सांगणाऱ्याच्या दुकानात येते, आणि रोजीतली बरकत अशाच कमाईत असते.