पडवीसाठी सामान निवडताना

आजचा विषय घरगुती आहे. दारापुढे छप्पर घातलेली मोकळी जागा, म्हणजे आपली पडवी, नव्याने बांधायची तर छपराला काय घालायचं, खांब कशाचे आणि खाली फरशी कुठली? बहुतेक जण दुकानात जाऊन आधी रंग बघतात. मी म्हणतो, आधी आपल्या हवेकडे बघा. कोकणात तीन गोष्टी धरून चालायच्या : चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि मेमधलं ऊन.

छपरापासून सुरुवात करू. मंगलोरी कौल आपल्याला आपलंच वाटतं, पण त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. एक कौल साधारण अडीच किलोचं असतं आणि चौरस मीटरला पंधराएक लागतात. म्हणजे झाले सदतीस-अडतीस किलो, आणि भिजल्यावर आणखी जास्त. तेवढं वजन पेलणारे वासे-रिपा हव्यात, उतारही चांगला हवा, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत येतं. फायदा काय? खाली थंडावा राहतो, आणि एखादं कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं.

पत्र्याचं उलट आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरतो. स्वस्त, हलका, दोन दिवसांत काम संपतं. पण दुपारी तापतो आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही. (हशा) हसू नका, खरा धोका पुढेच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आता जरा हिशेब करू. ताशी शंभरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे पंचेचाळीस किलो वजनाएवढा भरतो. पडवीला तीन बाजूंनी भिंत नाही. वारा आत शिरून छपराला खालून उचलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. बारा बाय दहा फुटांची पडवी म्हणजे अकरा चौरस मीटर. उचलणारा जोर पाचशे किलोच्या घरात जातो आणि पत्र्याचं वजन किती? पंचावन्न किलो! उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात कोण उभं आहे ते बघत नाही.

म्हणून पत्रा घालायचा तर खर्च पत्र्यापेक्षा बांधणीवर करा. स्क्रू लाटेच्या उंचवट्यावर मारा, रबरी वॉशर घाला, कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ घ्या. पत्रा पाइपाला, पाइप खांबाला आणि खांब पायाला, अशी साखळी कुठेही तुटता कामा नये. कौलांचंही तेच. कडेची कौलं तारेने बांधून घ्या, केवळ वजनाच्या भरवशावर राहू नका. समुद्र जवळ असेल तर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा घ्या, साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो जास्त टिकतो. उजेडासाठी पॉलिकार्बोनेट घ्याल तर ऊन सोसणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो. ती बाजू वर आली पाहिजे, नाहीतर शीट लवकर पिवळी पडते. आणि जुने सिमेंटचे पत्रे काढताना सांभाळा. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. फोडू नका, कापू नका, ओले करून अखंड उतरवा.

आता खांब. जुन्या घरांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा. ती नुसती हौस नव्हती. लाकडाचा बुंधा जमिनीच्या ओलीपासून दूर राहिला की कुजत नाही आणि वाळवी चढली तरी दिसते. लोखंडी पाइपाचंही तसंच, गंज तळाशीच धरतो. पाइप फरशीत पुरू नका. काँक्रीटच्या उंचवट्यावर प्लेट बोल्टने बसवा आणि पाइपाचं वरचं तोंड बंद करा.

शेवटची गोष्ट फरशी. इथे माझीच चूक सांगतो. घरच्या पडवीला मी गुळगुळीत चकचकीत टाइल बसवली. पहिल्याच पावसाळ्यात आई घसरली, मनगट मोडलं. पागोळ्यांचं पाणी आत येणार हे मला ठाऊक होतं, तरी मी चकाकीला भुललो. आता तिथे खडबडीत शहाबादी आहे. शहाबादी, कोटा, चिऱ्याची लादी किंवा खरखरीत टाइल, काहीही चालेल, फक्त ओल्या पायाला पकड हवी. शिवाय बाहेरच्या बाजूला मीटरला दीड सेंटिमीटर उतार द्या.

एका ताईंनी विचारलंय, कोकमाचे डाग का पडतात? शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. आंबट पदार्थ त्यांना खातो. म्हणून कोकम वाळवायचं तर खाली चटई घाला आणि फरशी अ‍ॅसिडने कधीच धुऊ नका.

तर मंडळी, दुकानात नमुना बघायला गेलात की तांब्याभर पाणी मागा. लादीवर ओता, चप्पल काढा आणि उभे राहून बघा. पाय सरकला तर ती लादी तिथेच ठेवून या.